सहा बटणे : एक रसग्रहण

मराठीत समीक्षेची परंपरा क्षीण झाली, अशी तक्रार करणाऱ्या विद्वानांना मी एकदा कोल्हापुराकडच्या लग्नाच्या पंगतीत नेऊन बसवणार आहे. मठ्ठ्यातल्या आल्यापासून नवऱ्या मुलाच्या बुटापर्यंत एकही कलाकृती तिथे समीक्षेवाचून सुटत नाही. नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, बैलाचे होते आणि तांबड्या रश्श्याचे तर आमच्याकडे दिवसातून दोनदा होते. पण बटणाचे परीक्षण कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक माणूस वर्षाकाठी जेवढ्या कविता वाचतो त्याहून अधिक बटणे तो सकाळचा चहा होईपर्यंत दाबून मोकळा झालेला असतो.

बटण म्हणजे शर्टाचे नव्हे. शर्टाच्या बटणाला काज असते आणि काजामागे शिंपी असतो. त्याच्या क्षेत्रात मी लुडबुड करीत नाही. मी म्हणतो ते बटण दाबायचे. आणि परीक्षणासाठी घेतलेली कृती म्हणजे माझ्या भाच्याने शाहूवाडी तालुक्यातल्या आपल्या घरी, सोप्यात, स्वतःच्या हातांनी बांधलेले व्हिडिओ गेमचे कपाट. ‘कपाट’ हा शब्द त्याच्या आज्जीचा. भाचा त्याला ‘आर्केड कॅबिनेट’ म्हणतो. कॅबिनेट म्हटले की आज्जीला मुंबईचे मंत्रिमंडळ आठवते आणि ते घरात नको असे तिचे म्हणणे पडले, म्हणून कपाट.

ज्यांच्या शाळा १९९० च्या आगेमागे झाल्या त्यांना हे कपाट आठवत असेल. एस.टी. स्टँडजवळची एक अंधारी खोली, दाराला पडदा, आत भिंतीला टेकून उभी केलेली चार-पाच प्लायवूडची खोकी, आणि प्रत्येकाभोवती एक खेळणारा व सात सल्ला देणारे. रुपयाचे नाणे आत गेले की पडद्यावर मारामारी सुरू. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा खेळ काढला. ते नाव आपल्याकडे कोणाच्या जिभेवर चढले नाही. त्यात मुस्तफा नावाचा एक टोपीवाला गडी होता. पोरांनी त्याच्या नावाने अख्खा खेळ बारशासकट करून टाकला. आजही ‘मुस्तफा’ म्हटले की पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ डोळे मिटून उजव्या हाताची बोटे नाचवतात.

ती खोकी गेली. पण इटलीतल्या निकोला साल्मोरिया ह्या गृहस्थाने १९९७ साली ‘मेम’ नावाची एक प्रणाली सुरू केली, आणि जुन्या खोक्यांतले खेळ साध्या संगणकावर चालू लागले. पुढे २०१२ मध्ये पत्त्यांच्या जोडाएवढा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक निघाला. म्हणजे खेळ आला, मेंदू आला. राहिले काय? खोके आणि बटणे. तेवढे भाच्याने केले. का केले, हे विचारायचे असेल तर मलकापूर मागे टाकून आंब्याच्या वाटेला जुलै महिन्यात लागावे. तिकडे एकदा पाऊस धरला की माणसे गणपतीपर्यंत एकमेकांची तोंडे बघत बसतात. नेटवर्क ढगात जाते, ढग घरात येतात. अशा चार महिन्यांत एक तर भाऊबंदकी सुचते नाही तर असले काही. भाच्याला असले काही सुचले हे त्याच्या भाऊबंदांचे भाग्य.

आता कृतीकडे वळू. पॅनेल म्हणजे खोक्याच्या छातीवरची फळी. १८ मिलिमीटरचे प्लायवूड, वर स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला फुलाफुलांचा सनमायका. डाव्या हाताला एक दांडी, उजव्या हाताला सहा बटणे दोन रांगांत, आणि त्यांच्या शेजारीच दोन पांढरी बटणे : एक खेळ सुरू करायचे, एक बंद करायचे. बटणे पार्सलने आली. भोके गावच्या सुताराने पाडली. बटणाला भोक लागते ३० मिलिमीटरचे. सुताराकडे पाते होते २८ चे. उरलेले दोन मिलिमीटर त्याने कानशीने काढले, त्यामुळे सहा भोके सहा आकारांची झाली. हस्तकलेत हे चालते. पण पुढे पावसाची ओल धरून प्लाय फुगले, आणि चिंचोळ्या भोकातले उडीचे बटण दाबले की वर येईना. त्या आषाढात मुस्तफा नुसता उड्याच मारत होता. शत्रू दमून जात.

आतल्या तारांबद्दल एकच सांगतो, कारण त्यात कुटुंबव्यवस्थेचे सार आहे. प्रत्येक बटणाला दोन तारा. एक त्याची स्वतःची, ती सरळ संगणकाकडे जाणाऱ्या छोट्या पट्टीत जाते. दुसरी सामाईक, ह्या बटणाकडून त्या बटणाकडे अशी फिरत जाते. स्वतःची तुटली तर त्या बटणापुरते मरण. सामाईक तार मध्येच तुटली की तिथून पुढची सगळी बटणे बसली. शेताच्या सामाईक बांधाचे जे होते तेच.

पण समीक्षकाने तपशिलात अडकू नये, रचनेकडे पाहावे. तर प्रश्न असा, की बटणे सहाच का?

भाच्याला विचारले तर तो म्हणाला, ‘‘मामा, तसंच असतंय.’’ ‘तसंच असतंय’ हे उत्तर आपल्याकडे मुहूर्तापासून महानगरपालिकेपर्यंत सर्वत्र चालते. पण बटणांच्या इतिहासात तसे काहीच नाही. १९७१ साली ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाणे टाकून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम अमेरिकेत आला तेव्हा त्यावर चार बटणे होती. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पाँग’ला बटण नाहीच, फक्त फिरवायची मूठ, आणि लोक तुटून पडले ते पाँगवर. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला पाच बटणे आणि दांडी मुळीच नाही. १९८० चा ‘पॅक-मॅन’ ह्याच्या उलट : एक दांडी, बाकी खेळताना दाबायला काही नाही. तो करणारे तोरू इवातानी ह्यांचा हेतूच असा होता, की मारामारीच्या खोक्यांपासून दूर राहणाऱ्या बायकांनाही तो खेळावासा वाटावा. मग सहा आली कुठून? तर १९८७ च्या ‘स्ट्रीट फायटर’मधून. वरच्या रांगेत तीन ठोसे, खालच्या रांगेत तीन लाथा. हलकी, मध्यम आणि सणसणीत.

त्यातही मौज आहे. ह्या खेळाच्या पहिल्या नमुन्यात सहा बटणे नव्हतीच. दोन मोठ्या गाद्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. आपण जितक्या जोराने गादीवर हात हाणू तितक्या जोराचा ठोसा पडद्यावर. ही कल्पना मुळात अस्सल कोल्हापुरी आहे. ती जपान्यांना कशी सुचली हे मला कळत नाही. बहुधा गंगावेशीच्या तालमीत कोणी येऊन गेले असावे. पण ते प्रकरण टिकले नाही. सहा बटणांची आवृत्ती रूढ झाली, १९९१ च्या दुसऱ्या भागाने ती जगभर नेली, आणि तेव्हापासून घरी कपाट बांधणारा कोणीही पठ्ठ्या डोळे झाकून सहा भोके पाडतो. शाहूवाडीच्या फळीवरची सहा बटणे ही अशी वारसाहक्काने आलेली. त्या घरात स्ट्रीट फायटर खेळणारा भाचा एकटा. बाकीचे मुस्तफावाले. आणि मुस्तफाला लागतात दोन : एक मार, एक उडी.

ह्या विसंगतीवर पहिला आघात आज्जीने केला. आज्जी म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, वय ऐंशीच्या घरात. पॅक-मॅन तिला येतो. ‘‘ही भुतं माझ्याच मागं का लागत्यात?’’ असे म्हणत ती दोन-दोन पडदे साफ करते. एके दिवशी तिला मुस्तफापुढे बसवले. ‘बसवले’ असे म्हणतो कारण पोरे उभ्याने खेळतात आणि आज्जीसाठी उंच स्टूल आणावे लागते. (बसून खेळायचे टेबलासारखे पॅक-मॅनही त्या काळी निघाले होते, हे मी भाच्याला सांगून ठेवले आहे.) आज्जीने फळीवर नजर फिरवली.

‘‘ह्यातली चालणारी कंची?’’

‘‘ही दोन, आज्जी.’’

‘‘मग बाकीची?’’

‘‘ती दुसऱ्या गेमला लागत्यात.’’

‘‘मग त्या गेमला मांड की! पावनं आलं न्हाईत तवर पानं वाढायची व्हय रं?’’

एवढे बोलून ती उठली, देव्हाऱ्यातल्या नैवेद्याच्या चार लहान वाट्या आणल्या आणि चार बिनकामाच्या बटणांवर पालथ्या घातल्या. पोरे हसली. मी हसलो नाही, कारण फळी प्रथमच वाचता येऊ लागली होती. कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे सांगावे लागेना. भाच्याने पुस्तके वाचून, व्हिडिओ पाहून जे केले नव्हते ते चार वाट्यांनी केले. मी विचारले, ‘‘आज्जी, हे कसं सुचलं?’’ तर म्हणाली, ‘‘मताच्या मशिनीवर झाकत्यात न्हवं? जेवढी मानसं उभी, तेवढीच बटनं.’’

खरेच की. मतदानाच्या यंत्रावर सोळा निळी बटणे असतात. उमेदवार सात असतील तर सात उघडी, नऊ झाकलेली. (‘वरीलपैकी कोणी नाही’ ह्यालाही एक बटण लागते, म्हणजे आठ उघडी धरा.) आपण वर्तमानपत्रांतून ह्या यंत्राबद्दल काय काय वाचतो, मी इथे फक्त त्याच्या फळीबद्दल बोलतो. केरळातल्या परूर मतदारसंघात ते १९८२ साली प्रथम वापरले गेले आणि २००४ च्या लोकसभेला देशभर पोचले. त्याची रचना आमच्या मुंबईतच, पवईच्या आयआयटीमधल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या ह्यांच्या हातची. ज्याला अक्षर येत नाही, ज्याने उभ्या जन्मात दिव्याच्या खटक्यापलीकडे बटण पाहिले नाही, अशा माणसाने एकट्याने, आडोशामागे, कोणाला न विचारता ते दाबायचे. चिन्ह, त्यासमोर निळे बटण, जवळ लाल दिवा, आणि दाबले की लांब आवाज. शेजारच्याला विचारायची सोयच नाही, कारण शेजारी कोणी असता कामा नये. माझ्या मते ही आपल्या देशातली सर्वांत जास्त माणसांनी, सर्वांत कमी शिकवणीत दाबलेली बटणे असावीत. आणि पुन्हा दाबून उपयोग नाही. पुढच्या मतदाराची परवानगी मिळेपर्यंत यंत्र बहिरे. मुस्तफाचे बटण दर सेकंदाला पाच वेळा हाणायचे आणि हे पाच वर्षांतून एकदा, इतकाच काय तो फरक. तोही काही जण मान्य करीत नाहीत.

दुसरा आक्षेप आकाराचा. सहाही बटणे एकसारखी : गोल, तेवढ्याच व्यासाची, तेवढ्याच उंचीची. रंग वेगवेगळे आहेत हे खरे. पण खेळताना डोळे पडद्यावर असतात, फळीवर नसतात. बोटाला तांबडे-हिरवे कळत नाही. बोटाला कळतो तो आकार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची मोठी विमाने नीट जमिनीवर उतरत आणि उतरल्यावर वैमानिक स्वतःच्या हाताने चाके वर घेऊन विमान पोटावर बसवीत. अल्फोन्स चॅपनिस ह्या मानसशास्त्रज्ञाने जाऊन पाहिले, तर पंखांच्या पट्ट्यांचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी, दिसायला सारखे. त्याने चाकाच्या खटक्याला रबरी चाकासारखी मूठ बसवली आणि पट्ट्यांच्या खटक्याला पट्टीसारखी. चाके जमिनीवर राहू लागली. पायलट मूर्ख आहेत असे तोवर सर्वांचे मत होते. वापरणारा चुकला की आधी त्याची अक्कल काढायची आणि खटका तसाच ठेवायचा, ही रीत केवळ अमेरिकेची नव्हे.

पण बोइंगचे विमान कशाला, शाहूवाडीच्या कुठल्याही विहिरीवर जावे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की माणूस दोन वाजता बॅटरी काखेत धरून मोटर चालू करायला जातो. तिथे स्टार्टरच्या पेटीवर दोन बटणे. हिरवे चालू करायचे. ते कडीत बसवलेले, पृष्ठाच्या बरोबरीने, चुकून कोपर लागला तरी दबणार नाही असे. लाल बंद करायचे. ते बाहेर आलेले, भूछत्रासारखे, अंधारात चापटी मारली तरी लागेल असे. मोटर उगीच सुरू होऊ नये आणि बंद करायची वेळ आली तर शोधाशोध होऊ नये, हा सगळा विचार त्या दोन बटणांच्या उंचीत आहे. ते करणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याच्यावर परिसंवादही झालेला नाही.

इथेच माझा तिसरा आणि सर्वांत कडक आक्षेप येतो. भाच्याच्या फळीवर ‘बंद’चे पांढरे बटण सणसणीत लाथेच्या बटणाला खेटून होते. मी विचारले तर म्हणे, ‘‘मामा, बंद करायचं हाताशी नको काय? तुम्हीच तर स्टार्टरचं सांगता.’’ म्हणजे शिष्याने गुरूचे अर्धेच ऐकले! मोटर बंद पडली तर नुकसान काही नाही, चालू राहिली तर जळते. म्हणून तिथे ‘बंद’ सोपे. खेळात उलट. पाचव्या पडद्यापर्यंत पोचलेल्या पोराची करंगळी घसरली आणि सगळे गेले, तर त्या पोराचे जे जळते ते गुंडाळी बदलून दुरुस्त होत नाही. मी स्वतः असा एक आक्रोश पाहिला आहे. समजूत काढायला दोन लाडू लागले. तेव्हा कुठले बटण सोपे करायचे आणि कुठले अवघड, हे बटणावर नाही, चुकून दाबले तर कोणाचे काय जाते त्यावर ठरते. मतदानयंत्राचे निकालाचे बटण बघा : दाराआड, आणि दाराला सील.

आता तात्यांकडे येतो. खरे म्हणजे त्यांच्यासाठीच हे परीक्षण लिहायला घेतले, पण तात्यांना पहिल्या ओळीत आणलेले आवडले नसते.

तात्या म्हणजे भाच्याचे चुलत आजोबा. वय सत्तरच्या पुढे. ऐन उमेदीत गुऱ्हाळावर ऊस घालताना चरकाने त्यांच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे नेली. त्या गोष्टीला आता इतकी वर्षे झाली की घरात ती कोणी बोलत नाही. तात्या विळा धरतात, धार काढतात, डाव्या हाताने सही करतात. चारचौघांत बसले की उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकात असतो, एवढेच.

कपाट आल्यापासून तात्या रोज संध्याकाळी सोप्यात येऊन बसत. ‘‘पोरांचा खेळ हाय,’’ म्हणत आणि पहाट होईतो उठत नसत, असे बहीण सांगते. त्यातली पहाट मी सोडून देतो. पण माझ्या एक लक्षात आले. अख्ख्या घरात मुस्तफा संपूर्ण पाठ असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे तात्या. कुठल्या पिंपात काय दडलंय, कुठला दांडगा कुठल्या बाजूने येणार, कधी मागे सरायचे, सगळे त्यांना ठाऊक. ‘‘डावीकडनं येतंय बग! उडी घे! आरं, उडी!’’ ह्या माणसाने त्या फळीला एकदाही हात लावला नव्हता.

कोणी म्हणेल, तीन बोटांनी दोन बटणे दाबता येत नाहीत का? येतात. पण ह्या फळीवर नाही. मार आणि उडी ही बटणे तर्जनी आणि मधल्या बोटासाठी मांडलेली; नेमकी ती दोन नाहीत. अंगठा एकीकडे राहतो, अनामिका दुसरीकडे. शिवाय मुस्तफात एक हुकमी डाव आहे : चहूकडून घेरले गेले की मार आणि उडी एकदम दाबायची, गडी गरकन फिरून सगळ्यांना उडवतो. (त्याची किंमत म्हणून स्वतःचा थोडा जीव जातो. हा भाग मला फार वास्तववादी वाटतो.) हा डाव न येणारा खेळाडू दुसऱ्या पडद्यापलीकडे टिकत नाही. वर ती बटणे जपानी धाटणीची, इतकी हलकी की बोट नुसते टेकले तरी दबतात. सराईत पोरांना तेच हवे असते. पण ज्या हाताने आयुष्यभर खोरे आणि कुदळ धरली त्याला आधी टेकायची सवय असते आणि मग दाबायची. टेकल्याबरोबर मुस्तफा उडतो आणि माणूस ओशाळतो.

एक नळी दोन अर्थ सांगू शकते हे आपल्याला एस.टी.ने शिकवले आहे. कंडक्टरची एकच दोरी, एकच घंटा : एक टोला, थांब, दोन टोले, चल. तेव्हा दोन बटणांचे काम एका बटणाला का सांगता येऊ नये? मी एवढे म्हणालो आणि पुढचे सगळे भाच्याने केले, श्रेय त्याचे. त्याने मलकापुरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून स्टार्टरचे हिरवे बटण आणले. ते दणकट, जड, आणि दाबले तर दाबले असे हाताला सांगणारे. प्रणालीत नोंद अशी केली की हे एक दाबले म्हणजे मार आणि उडी दोन्ही दाबल्यासारखे. पहिल्यांदा तो लाल आणणार होता, शोभेसाठी. ते बरे सुचले नाही. स्टार्टरचे लाल बटण आतून उलटे असते, न दाबता जोडलेले आणि दाबले की तुटणारे. ते लावले असते तर मुस्तफा विजेच्या पहिल्या झटक्यापासून गरागरा फिरत सुटला असता, आणि तात्यांनी बटण दाबले की तेवढा वेळ थांबला असता.

राहिला प्रश्न जागेचा. चप्पल बेतायला पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात, तसे भाच्याने प्लायचा नवा तुकडा सोप्यात आणला, सुताराची पेन्सिल घेतली आणि म्हणाला, ‘‘तात्या, हात ठेवा.’’

तात्यांनी डावा ठेवला.

‘‘त्यो न्हवं. उजवा.’’

घरात लोक होते. आज्जी तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. तात्यांनी टॉवेल खाली ठेवला, हात फळीवर ठेवला. भाच्याने कडेकडेने पेन्सिल फिरवली, जिथे बोटे नव्हती तिथूनही, आणि अंगठा सहज पडतो तिथे एक फुली मारली, अनामिका पडते तिथे दुसरी, करंगळीखाली तिसरी. तिन्ही फुल्यांत अंतर पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. ‘‘लांब न्हाई व्हत?’’ तात्यांनी विचारले. ‘‘तुमाला न्हाई,’’ भाचा म्हणाला. सुताराने ह्या खेपेला बरोबर पाते आणले.

नव्या फळीचे परीक्षण थोडक्यात. हिरवे बटण अंगठ्याशी, मार अनामिकेशी, उडी करंगळीशी. आखूड बोटाला उडी दिल्याबद्दल मी नाराज होतो, पण तात्यांची करंगळी धारेच्या कामाने घोटलेली आहे, ती ऐकते. जुनी फळी चार स्क्रूंवर निघते आणि नवी बसते. तारांना मध्ये एक जोड केला आहे, त्यामुळे भाच्याचे ठोसे-लाथांचे साम्राज्यही अबाधित आहे. ‘सुरू’ आणि ‘बंद’ ही आता एकाच लहान बटणात आली : टिचकी मारली की सुरू, तीन सेकंद दाबून धरले तर बंद. ते फळीच्या वरच्या कोपऱ्यात गेले, आणि त्यावर आज्जीच्या काढ्याच्या बाटलीचे झाकण चामड्याच्या पट्टीने बिजागरीसारखे बसवले. दिसायला वाईट आहे. काम चोख करते.

तात्या आता खेळतात. चांगले खेळतात असे मी म्हणणार नाही. हिरवे बटण ते फार वापरतात, संकट येण्याआधीच वापरतात, आणि गड्याचा जीव त्यातच संपतो. मग बटणाला दोष देतात. ‘‘स्टार्टरला अजून जोर लागतोय. हे हलकं हाय,’’ असेही एकदा म्हणाले. बाकी पोरे मात्र त्यांच्याच फळीवर खेळायला भांडतात, कारण दोन बटणे एकदम दाबायची कसरत नको असलेले ते एकटेच नव्हते.

समीक्षक म्हणून माझा एक आक्षेप मात्र कायम आहे, आणि तो मी भाच्याला दोनदा कळवला आहे. दुकानातून आणलेल्या त्या हिरव्या बटणावर ‘स्टार्ट’ असे कोरलेले आहे, आणि ते दाबून काहीही सुरू होत नाही. पाहुण्यांची पोरे येतात, ते वाचतात आणि दाबत बसतात. तात्या बाकावरून उठत नाहीत. नुसते म्हणतात, ‘‘ते माजं हाय. सुरू करायचं ते झाकनाखाली बगा.’’